धोका कोणाचा?

प्रायश्चित्तकाळात निधी गोळा करण्यासाठी आम्ही दरवर्षी आपल्या धर्मग्रामात घरोघरी पाकिटे घेऊन जातो. बहुतेक घरी पाकीट घेतले जाते, चहा विचारला जातो आणि आम्ही पुढच्या घराकडे वळतो. यंदा एका घरी मात्र आम्हांला पाऊण तास बसावे लागले. ओट्यावर पेपर वाचत बसलेल्या काकांनी पाकीट हातात घेतले, उलटसुलट करून पाहिले आणि विचारले, "हे पैसे जातात कुठे?"

आम्ही म्हणालो, "युद्ध, पूर, दुष्काळ, जिथे गरज असेल तिथे."

"दुष्काळ पडला आहे की पडायचा आहे?"

"काही ठिकाणी पडायचा आहे, काका. आधीपासून तयारी करायलाही पैसे लागतात."

"म्हणजे न पडलेल्या दुष्काळासाठी मी पैसे द्यायचे? आणि पडलाच तर धान्य तिथल्या बंदूकवाल्यांच्या घशात जाणार. आम्हीही पेपर वाचतो बाबांनो."

आमच्याकडे उत्तर नव्हते. काकांनी पाकीट ठेवून घेतले, पण ते पुढे दानपेटीत पडले की नाही हे आम्हांला ठाऊक नाही. पाकिटावर नाव नसते, आणि ते बरेच आहे. प्रश्न मात्र आमच्याबरोबर घरी आले. न घडलेल्या संकटासाठी देणे हे शहाणपण की उधळपट्टी? आणि आपली मदत वाईट माणसांच्या हाती पडण्याची भीती असेल तर हात आखडता घेणे हा सावधपणा की पाप?

यावर बोलायचे तर हवेत बोलून उपयोग नाही. म्हणून आम्ही एक घडलेली गोष्ट समोर ठेवतो. त्याआधी शब्दांविषयी थोडेसे. आपल्या भाषेत पाऊस पडला नाही तरी दुष्काळ आणि माणसे भुकेने मेली तरी दुष्काळच. इथे आम्ही पहिल्याला अवर्षण म्हणणार आहोत आणि दुसऱ्याला दुष्काळ. सगळा प्रश्न या दोहोंच्या मधल्या अंतराचाच आहे.

२०१० च्या अखेरीस आफ्रिकेच्या पूर्व टोकाला पाऊस आला नाही. ऑक्टोबर ते डिसेंबर हा तिथला धाकटा पावसाळा कोरडा गेला आणि पाठोपाठ २०११ च्या एप्रिल ते जूनचा मोठा पावसाळाही फसला. केनियाचा उत्तर भाग, इथिओपियाचा दक्षिणेकडचा भाग आणि सोमालिया, तिन्हीकडे आभाळ सारखेच कोरडे होते. जनावरे तिन्हीकडे मेली, पिके तिन्हीकडे वाळली. पण दुष्काळ जाहीर करावा लागला तो फक्त दक्षिण सोमालियात. २० जुलै २०११ रोजी संयुक्त राष्ट्रांनी दक्षिण बाकूल आणि लोअर शबेले या दोन भागांत दुष्काळ असल्याचे जाहीर केले, आणि सप्टेंबरपर्यंत तो आणखी भागांत पसरला. पुढे २०१३ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध झाला. ऑक्टोबर २०१० ते एप्रिल २०१२ या काळात एरवी मेली नसती अशी सुमारे २,५८,००० माणसे मेली, असे त्यात दिसून आले. त्यांपैकी १,३३,००० पाच वर्षांखालची मुले होती.

एकाच आभाळाखाली एवढा फरक का पडला? इथिओपियात २००५ पासून गरीब कुटुंबांना काम देऊन धान्य किंवा पैसे देण्याची योजना चालू होती. अवर्षण आले तेव्हा निदान वाढवायला काहीतरी हाताशी होते. केनियातही लोकांचे हाल झाले, पण तिथले रस्ते मदतीला खुले होते. ददाबच्या निर्वासित छावण्या मुळात ९०,००० माणसांसाठी बांधलेल्या, तिथे २०११ मध्ये चार लाखांहून अधिक माणसे येऊन राहिली. ती जिवंत तिथवर पोहोचली हेच पुष्कळ म्हणायचे.

दक्षिण सोमालियाची गोष्ट वेगळी होती. १९९१ मध्ये तिथले सरकार कोसळले आणि नंतर सगळ्या देशावर हुकूम चालेल असे सरकार आलेच नाही. २०१० मध्ये दक्षिणेचा मोठा भाग अल-शबाब या सशस्त्र संघटनेच्या ताब्यात होता. धमक्या आणि खंडणीच्या मागण्या वाढल्यामुळे जानेवारी २०१० मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या जागतिक अन्न कार्यक्रमाने त्या भागातले काम थांबवले. पुढच्याच महिन्यात अल-शबाबने त्याच्यावर बंदी घातली. दुसऱ्या बाजूने अमेरिकेने २००८ मध्ये अल-शबाबला दहशतवादी संघटना ठरवले होते. त्यामुळे मदतीतला काही भाग जरी त्यांच्या हाती गेला, तरी मदत देणारी संस्था अमेरिकन कायद्याच्या कचाट्यात सापडू शकत होती. अमेरिका हा तिथला सर्वांत मोठा दाता, आणि त्याचीच मदत आटली. म्हणजे पाऊस थांबण्याआधीच धान्य थांबले होते.

मरणही सगळ्यांच्या वाट्याला सारखे आले नाही. बे आणि बाकूलमधले रहनवेन शेतकरी आणि नदीकाठचे बांटू यांचे लोक सर्वाधिक मेले. ना त्यांच्या पाठीशी बळकट टोळी, ना त्यांची पोरे लंडनला किंवा दुबईला. ज्यांचे नातेवाईक परदेशात होते त्यांना हवाल्याने चार पैसे येत होते. आपल्यापैकी किती घरे आखातातल्या पगारावर उभी राहिली ते आठवले, की परदेशातल्या एका माणसाचा अर्थ वेगळा सांगायला नको.

आता काकांच्या पहिल्या प्रश्नाकडे येऊ. हे सगळे आधी कळले होते का?

कळले होते. १९८४-८५ च्या इथिओपियातल्या दुष्काळाने जग हादरले, तेव्हा १९८५ मध्ये अमेरिकेनेच दुष्काळाची पूर्वसूचना देणारी एक यंत्रणा उभी केली. तिला फ्यूज नेट म्हणतात. या यंत्रणेने आणि संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेच्या सोमालियातील पथकाने ऑगस्ट २०१० पासून एकामागून एक इशारे दिले. एप्रिलचा पाऊस फसला तर दुष्काळ पडेल, असे मार्च २०११ मध्ये स्पष्ट सांगितले. जाहीर झाला जुलैमध्ये. मोठा निधी आला तो त्यानंतर.

हे काम करणारी माणसे करतात तरी काय, असे आम्हांलाही वाटायचे. उपग्रहावरून पाऊस मोजणे हा त्याचा सोपा भाग. खरे काम बाजारात असते. एक शेळी विकली तर किती ज्वारी येते? दिवसभराच्या मजुरीत किती किलो धान्य मिळते? मागच्या वर्षी किती मिळत होते? आणि त्याहूनही अवघड भाग राजकारणाचा. त्या रस्त्यावर नाके किती, प्रत्येक नाक्यावर कोण पैसे घेतो, कोणत्या गावाचे कोणत्या टोळीशी बिनसले आहे, निवडणूक कधी आहे, कोणती सीमा बंद होण्याच्या बेतात आहे, दूरच्या देशात कोणता कायदा बदलतो आहे. शेतकरी आभाळ वाचतो तसे हे लोक सत्ता वाचतात. मोठ्या मदतसंस्थांमध्ये यासाठी माणसे नेमलेली असतात, आणि ते काय सांगतात त्यावर कुठल्या बंदरात किती धान्य आधीपासून नेऊन ठेवायचे हे ठरायला हवे.

ठरायला हवे, पण दर वेळी ठरत नाही. धोका हा शब्द फसवा आहे. धोका म्हटले की पुढचा प्रश्न असतो, कोणाचा?

२०१०-११ मध्ये सोमालियाबद्दल पुष्कळ ठिकाणी धोक्याचा हिशोब मांडला गेला. आपली माणसे मारली जातील का? आपल्यावर खटला होईल का? आपले धान्य अल-शबाबच्या बाजारात विकले गेल्याचे छायाचित्र छापून आले तर देणगीदार काय म्हणतील? या सगळ्या प्रश्नांची नीट, कागदावर, अभ्यासपूर्ण उत्तरे काढली गेली. बे प्रांतातल्या बाईचा धोका मात्र त्या कागदावर शेवटच्या रकान्यात राहिला. त्यात कोणी दुष्ट नव्हते. प्रत्येकाने आपापल्या जागी सावधपणाच केला.

येशूने सांगितलेल्या दयाळू शोमरोन्याच्या दाखल्यात याजक आणि लेवी रस्त्याच्या पलीकडून निघून जातात. आम्ही लहानपणापासून त्यांना निर्दय समजत आलो. पण मार्टिन ल्यूथर किंग यांनी ३ एप्रिल १९६८ रोजी, मृत्यूच्या आदल्या दिवशी केलेल्या भाषणात त्यांची बाजू समजून घेतली होती. तो यरीहोचा रस्ता खरोखरच धोक्याचा होता. लुटारू अजून दबा धरून बसलेले असू शकत होते, पडलेला माणूस त्यांचाच साथीदार असू शकत होता. म्हणजे याजकाने धोक्याचा अंदाज घेतला होता, आणि तो अंदाज चुकीचाही नव्हता. त्याने तो स्वतःपुरता घेतला, इतकेच.

तरीही काकांचा दुसरा प्रश्न यामुळे सुटत नाही, आणि तो सोडून देणे अप्रामाणिकपणाचे होईल. बंदूकवाल्यांच्या हाती धान्य जाते, हे खरे आहे. सोमालियात ते गेले. किती गेले यावर वाद झाला. संयुक्त राष्ट्रांच्याच एका देखरेख गटाने मार्च २०१० मध्ये मोठा आकडा सांगितला आणि जागतिक अन्न कार्यक्रमाने तो नाकारला. पण काही गेलेच नाही असे कोणीही म्हणाले नाही. चोरलेल्या धान्यातून गोळ्या विकत घेतल्या जातात आणि त्या गोळ्यांनीही मुले मरतात. मदत करणाऱ्यांच्या जिवाचेही मोल आहे. २००८ आणि २००९ मध्ये जागतिक अन्न कार्यक्रमाच्या कर्मचाऱ्यांचे सोमालियात खून झाले होते. सीमापार डॉक्टरांची संघटना बावीस वर्षे तिथे राबली. १९९१ पासून सोळा सहकारी गमावल्यावर ऑगस्ट २०१३ मध्ये तिने देश सोडला आणि चार वर्षांनी ती परतली. घरी बसून त्यांना भित्रे म्हणणाऱ्याला आम्ही आधी आरसा दाखवू.

मग नाक्यावर दहा पोती सोडून नव्वद पोती पुढे नेणे हे पापात भागीदारी करणे आहे का? संत थॉमस अक्विनास यांनी स्वसंरक्षणाचा विचार करताना एक फरक केला आहे: माणसाचा हेतू काय होता, आणि त्याच्या कृतीतून हेतूबाहेर काय घडले. वाईट परिणाम दिसत असूनही तो आपला हेतू नसेल, चांगला परिणाम वाईटातून काढलेला नसेल आणि चांगल्याचे पारडे खरोखर जड असेल, तर कृती योग्य ठरू शकते, असे पुढच्या धर्मपंडितांनी त्यातून मांडले. आमच्या मते इथे पेच हेतूचा नाही, पारड्याचा आहे. पारडे जड आहे की नाही हे घरी बसून कळत नाही. ते कोणीतरी तिथे जाऊन मोजावे लागते. दहा पोती जातात की साठ? नव्वदातली किती खरोखर मुलांपर्यंत पोहोचतात? दुसरा रस्ता आहे का? म्हणजे राजकारणाचा अभ्यास हा नीतीच्या प्रश्नाबाहेरचा विषय नाही. तो केल्याशिवाय नीतीचा प्रश्न नीट विचारताही येत नाही.

तो अभ्यास माणसांपर्यंत पोहोचण्यासाठी केला तर काय होते, याचे उदाहरण त्याच दुष्काळात आहे. रेड क्रॉसची आंतरराष्ट्रीय समिती अनेक वर्षे सोमालियात सर्व बाजूंशी बोलत आली होती. टोळीप्रमुख, व्यापारी, शबाबचे स्थानिक लोक, सगळ्यांशी. ना कोणाचा प्रचार, ना कोणाला शिव्या. २०११ मध्ये ती सोमाली रेड क्रेसेंटच्या हातून सुमारे दहा लाख लोकांपर्यंत धान्य पोहोचवू शकली. नोव्हेंबर २०११ मध्ये अल-शबाबने सोळा संस्थांना एकदम बाहेर काढले, तेव्हा त्या यादीत तिचे नाव नव्हते. पुढे जानेवारी २०१२ मध्ये तिचेही धान्य अडवले गेले आणि तिला वाटप थांबवावे लागले. म्हणजे ओळखीपाळखीला मर्यादा आहेत. पण मधल्या महिन्यांत जे जेवले ते जेवले.

शबाबबद्दलही एक गोष्ट सांगितली पाहिजे, नाहीतर सगळा दोष दात्यांच्याच माथी मारल्यासारखे होईल. जुलै २०११ च्या सुरुवातीला त्यांनी मदतसंस्थांना यायची परवानगी असल्याचे सांगितले. २० तारखेला दुष्काळ जाहीर होताच शब्द फिरवला आणि दुष्काळाची बातमी हे राजकारण असल्याचे म्हटले. आपल्या राज्यात लोक उपाशी मरतात हे कबूल करणे कोणत्याही सत्तेला जड जाते. १९७३ मध्ये इथिओपियाच्या सम्राटाच्या सरकारने वोलो प्रांतातला दुष्काळ झाकून ठेवला आणि पुढच्या वर्षी सिंहासन गेले. आपल्याकडे १९४३ मध्ये बंगालात लाखो माणसे मेली. त्या सरकारने दुष्काळ-संहितेनुसार दुष्काळ कधी जाहीरच केला नाही.

पुराचा इशारा आणि राजकीय संकटाचा इशारा यांत फरक पडतो तो इथे. नदीची पातळी खांबावर वाचता येते, आणि नदी त्यावर रागावत नाही. अमुक जिल्ह्यात निवडणुकीनंतर दंगल होईल, तमुक सरकार रस्ता अडवेल, असे लिहिले की ज्याच्याबद्दल लिहिले तो रागावतो, परवाने रद्द करतो, माणसांना देशाबाहेर घालवतो. म्हणून असे अहवाल बहुधा गोलमोल भाषेत लिहिले जातात, आणि गोलमोल इशारा वाचून कोणी तिजोरी उघडत नाही.

त्यात भर म्हणजे आपल्याला खात्री हवी असते. काकांनाही तीच हवी होती, "पडला आहे की पडायचा आहे?" आता दुष्काळ अधिकृतपणे जाहीर करण्याच्या कसोट्या पाहा. निदान वीस टक्के कुटुंबांना अन्नाचा टोकाचा तुटवडा, तीस टक्क्यांहून अधिक मुले तीव्र कुपोषित, आणि दर दहा हजारांमागे रोज दोनाहून अधिक मृत्यू. कसोट्या कडक आहेत आणि कडकच हव्यात, नाहीतर शब्दाला किंमत राहणार नाही. पण तिसरी कसोटी पुन्हा वाचा. खात्री पटण्यासाठी मेलेली माणसे मोजावी लागतात. "जाहीर होऊ दे, मग देतो," असे आपण म्हणतो तेव्हा पुराव्याचा खर्च कोणाकडून वसूल करतो आहोत? सोमालियात मृत्यूंचा जोर मे ते ऑक्टोबर २०११ असा होता. जाहीर झाले त्याआधी दोन महिने तो सुरू झाला होता.

अंदाज चुकतात, हेही खरे. पाऊस येतो, करार होतो, दंगल टळते, आणि बंदरातले धान्य पडून राहते. मग हिशोब विचारणारे विचारतात. २०१६-१७ मध्ये सोमालियात पुन्हा पाऊस फसला. या वेळी इशारे लवकर ऐकले गेले, निधी लवकर आला, पुष्कळ कुटुंबांना मोबाइल फोनवरून थेट पैसे पाठवले गेले, आणि दुष्काळ जाहीर करण्याची वेळ आली नाही. छायाचित्रे आली नाहीत, त्यामुळे आपल्याला तो लक्षातही नाही. न पडलेल्या दुष्काळाचे श्रेय कोणालाच मिळत नाही. २०२२ मध्ये पाच हंगाम लागोपाठ फसले. सप्टेंबरमध्ये बायदोआ आणि बुरहकबा या भागांत दुष्काळ पडेल असा अंदाज आला, पण मदतीचा ओघ वाढला आणि तो जाहीर झाला नाही. तरी त्या एका वर्षात सुमारे ४३,००० अधिक माणसे मेली असावीत, असा अंदाज पुढच्या वर्षी प्रसिद्ध झाला. याला यश म्हणावे का, यावर आमच्यातच एकमत नाही.

हे सगळे परदेशातले वाटत असेल तर आपल्या घरातल्या म्हाताऱ्या माणसांना बहात्तरचा दुष्काळ विचारा. लाल मिलो, सुकडी, खडी फोडणाऱ्या बायका त्यांना आठवतील. १९७२-७३ मध्ये महाराष्ट्रात भीषण अवर्षण पडले. मे १९७३ मध्ये सुमारे पन्नास लाख माणसे दुष्काळी कामांवर होती. हाल झाले, पण भूकबळींचा डोंगर उभा राहिला नाही. इंग्रजांनी १८८० च्या दुष्काळ आयोगानंतर केलेल्या संहितेत दुष्काळाची चाहूल कशी ओळखावी हे लिहिले होते: धान्याचे भाव, गाव सोडून भटकणारी माणसे, वाढत्या चोऱ्या. पण नियमांचे पुस्तक १८९९ मध्येही होते आणि १९४३ मध्येही. बहात्तर साली त्याखेरीज आणखी काही होते. वर्तमानपत्रे लिहीत होती, विधानसभेत विरोधक ओरडत होते, खडी फोडणारे मजूर मोर्चे काढत होते, आणि निवडून आलेल्यांना पुन्हा निवडून यायचे होते. वि. स. पागे यांनी १९६५ मध्ये सांगली जिल्ह्यातल्या विसापूरला ज्या कल्पनेचा प्रयोग केला होता, तिचा पुढे १९७७ मध्ये रोजगार हमीचा कायदा झाला. राजकारण म्हटले की आपण नाक मुरडतो. पण सोमालियात जे राजकारण मारक ठरले, तेच बहात्तर साली इथे तारक ठरले.

तयारीची सर्वांत जुनी गोष्ट आपल्याला पाठ आहे. योसेफाने फारोच्या स्वप्नाचा अर्थ सांगितला, सात सुकाळाच्या वर्षांत कोठारे भरली, आणि मिसर देश वाचला. इथपर्यंत आपण मुलांना शिकवतो. पुढचा भाग फारसा वाचला जात नाही. लोकांनी धान्यासाठी आधी पैसा दिला, मग जनावरे दिली, मग जमिनी दिल्या, आणि शेवटी स्वतःला फारोचे दास करून दिले. जीव वाचले, पण कोठाराची किल्ली ज्याच्या हाती तो मालक झाला. म्हणून तयारी करणाऱ्यावरही लक्ष ठेवावे लागते. कुठल्या भागाला धोक्याचा शिक्का मारायचा, कोठार कुठे बांधायचे, कोणाला आधी द्यायचे, हे ठरवणाऱ्याच्या हाती मोठी सत्ता येते. २०२५ च्या जानेवारीत अमेरिकेने परदेशी मदत गोठवली तेव्हा ती पूर्वसूचना यंत्रणाही बंद पडली. काही महिन्यांनी ती पुन्हा सुरू झाली. जगाला इशारा देणारे डोळे एका देशाच्या एका निर्णयाने मिटू शकतात, हे मधल्या काळात सगळ्यांनी पाहिले.

काकांकडे आम्ही पुन्हा जाऊन आलो. वरचे सगळे सांगितले नाही, थोडे सांगितले. ते ऐकून घेऊन म्हणाले, "म्हणजे मी दिलेले चुकीच्या हातीही जाऊ शकते आणि वायाही जाऊ शकते, असेच तुम्ही सांगताय." आम्ही हो म्हणालो. त्यांनी आतून मोसंबीचा रस मागवला आणि विषय पावसाकडे वळवला.

पुढच्या वर्षीच्या पाकिटांबद्दल आमच्या बैठकीत एक सूचना आली आहे. जमलेल्या निधीचा दहावा भाग कोणत्याही जाहीर झालेल्या संकटासाठी न देता, अजून न घडलेल्या संकटांच्या तयारीसाठी वेगळा काढायचा, आणि पाकिटावर तसे स्पष्ट छापायचे. दोघे-तिघे म्हणतात की असे छापले तर पाकिटे कमी येतील. कदाचित येतीलही. पाकिटे छापायला दिवाळीनंतर जातात. त्याआधी कोणाला काही सांगायचे असेल तर रविवारी दुसऱ्या मिस्सानंतर आम्ही चर्चच्या पडवीत असतो.